औशात डाळ मिल उभी करताना

लातूर जिल्ह्यात तूर पिकवणाऱ्यालाच डाळ विकत घ्यावी लागते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्याकडे तिचे कुणाला नवल वाटत नाही. सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतलेली तूर डिसेंबर-जानेवारीत निघते आणि खळ्यावरून थेट आडतीवर जाते, कारण नेमक्या त्याच सुमारास सोसायटीचे, दुकानदाराचे आणि मुलांच्या शिकवणीचे देणे दारात उभे असते. मग उन्हाळ्यात त्याच घरात किराणा दुकानातून पॉलिश केलेली डाळ किलो-दोन किलोने येऊ लागते. पूर्वी घरोघरी जाते होते. तूर भिजवून, वाळवून, भरडून वर्षाची डाळ बायका घरातच करून ठेवीत. जाती बंद पडली तशी ती मधली पायरी लातूर-उदगीरच्या मोठ्या मिलकडे गेली. २०२२ च्या जानेवारीत आम्ही औशात एक लहान डाळ मिल सुरू केली. ती कशी उभी राहिली, तिच्यासाठी पैसा कुठून आला, कुठे अडकला आणि गावाने तिला काय दिले व तिच्याकडून काय मागितले, हे लिहून ठेवावेसे वाटले, कारण योजनांच्या माहितीपत्रकांत यातला बराचसा भाग नसतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. माझे पती चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात देखभाल विभागात कंत्राटी तंत्रज्ञ होते आणि मी पुण्यात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात जमाखर्चाचे काम करीत होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्यांचे कंत्राट पुढे वाढवले गेले नाही, माझा पगार निम्म्यावर आला, आणि भाडे व मुलाची शाळा यांचे गणित जमेना तेव्हा आम्ही औशाला परतलो. त्या वर्षी आमच्यासारखी परतलेली घरे प्रत्येक गल्लीत होती, त्यामुळे त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही. वेगळे एवढेच की सासऱ्यांचे किराणा दुकान चालू होते आणि दुकानाच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा आणि सासूबाईंना मामी म्हणतात, तसेच मी इथे म्हणते. मामांचे दुकान म्हणजे निम्म्याहून अधिक उधारी. दसरा-दिवाळीला सोयाबीनचे पैसे आले की एकदा, आणि तुरीची-हरभऱ्याची सुगी झाली की गुढीपाडव्याच्या आसपास दुसऱ्यांदा, असा वर्षातून दोनदा हिशोब मिटायचा. सालगड्यांचे सालही पाडव्यालाच बदलते, म्हणून ती तारीख गावाच्या अंगवळणी पडलेली आहे. कामाची सवय सुटत नाही म्हणून मी त्या वह्या घेऊन बसले आणि कोणत्या मालाची किती उधारी आहे ते खात्यावार वेगळे काढू लागले. साखर, तेल आणि चहापत्तीच्या बरोबरीने तूरडाळ होती. त्याहून लक्षात राहिली ती गोष्ट म्हणजे डाळीची उधारी असलेल्या नावांतली बरीचशी नावे तूर पिकवणाऱ्यांची होती. आडतीवर तूर विकून आलेला माणूस तीन महिन्यांनी आमच्याकडून डाळ उधार नेत होता, आणि ती डाळ आम्ही लातूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून रोखीने आणत होतो. या व्यवहारात शेतकऱ्याचे नुकसान होते हे उघड आहे, पण दुकानाचेही होत होते. कारण रोखीने घेतलेला माल सहा महिन्यांच्या उधारीवर विकताना जे व्याज बुडते, ते मामांच्या वहीत कधी लिहिलेच जात नव्हते. डाळ मिलचा विचार या वहीतून निघाला. कुणाची यशोगाथा वाचून किंवा एखादे शिबिर करून तो सुचलेला नाही.

यंत्राची निवड पतींची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल विदर्भ-मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी चालते आणि तशाच धर्तीची यंत्रे अनेक कारखानदार बनवतात. आम्ही दोन-तीन गावांत जाऊन चालू यंत्रे पाहिली. पतींचे लक्ष मोटार, पट्टे आणि बेअरिंगकडे असे. मी मालकाला एकच प्रश्न विचारत असे, की वर्षातले किती महिने यंत्र चालते. उत्तर सगळीकडे सारखे होते. जानेवारी ते मे. पावसाळ्यात डाळ वाळत नाही, म्हणून यंत्र झाकून ठेवतात. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने असतो. प्रकल्प अहवाल तयार करून देणारे लोक वर्षाला तीनशे दिवस काम धरतात. तो आकडा आम्ही आमच्या अहवालात खोडून काढला आणि त्यामुळे अहवालातला नफा बराच खाली आला.

केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० च्या जूनमध्ये सुरू झाली होती. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे अनुदान मिळते, आणि स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के घालावा लागतो. आमचा प्रकल्प शेड, यंत्र, मोटार, चाळण्या आणि वजनकाटा धरून ८ लाखांचा होता. म्हणजे स्वतःचे ८० हजार, बँकेचे ७ लाख २० हजार आणि त्यातून पुढे २ लाख ८० हजारांचे अनुदान. हा शेवटचा आकडा ऐकून बरेच जण हुरळतात, म्हणून स्पष्ट करते की ही रक्कम हातात पडत नाही. ती कर्जदाराच्या नावे त्याच बँकेत वेगळी ठेवली जाते आणि तीन वर्षे खाते थकले नाही व उद्योग चालू राहिला, तरच कर्जात वळती होते. म्हणजे जो टिकेल त्यालाच ती मिळते, आणि टिकण्यासाठी लागणारा पैसा ज्याचा त्याने उभा करायचा असतो. मला ही अट योग्य वाटते. अनुदान आधी मिळाले असते तर आमच्याच ओळखीतली काही यंत्रे पहिल्या वर्षानंतर विकली गेली असती.

अर्ज भरण्यास जिल्ह्याच्या संसाधन व्यक्तीने, म्हणजे योजनेच्या अर्जांसाठी नेमलेल्या मार्गदर्शकाने, मदत केली. उद्यम नोंदणी आणि अन्न सुरक्षेची नोंदणी घरी बसून झाली. अडले ते बँकेत. कोणती बँक ते महत्त्वाचे नाही, कारण ही तऱ्हा एका बँकेची नाही. सूक्ष्म उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. तरीही आम्हाला तारण नाही तर निदान दोन जामीनदार आणा, असे तोंडी सांगण्यात आले. तालुक्याच्या गावात जामीनदार मिळणे अवघड नसते, आणि अडचण तिथेच असते. मामांनी नुसता शब्द टाकला असता तरी चार माणसे सही करायला आली असती. पण मामा स्वतः पूर्वी एकाला जामीन राहिले होते आणि त्याचे कर्ज त्यांनी कुणाजवळ एक शब्द न बोलता फेडले होते, हे मला त्याच आठवड्यात मामींकडून कळले. ते म्हणाले, "मी कुणाच्या दारात जाणार नाही, अन् कुणी आपण होऊन आला तरी त्याची सही घेणार नाही." मग आम्ही नियमाचा कागद छापून अर्जाला जोडला आणि तारण न घेण्याबद्दलचा मुद्दा लेखी विनंतीत मांडला. भांडण केले नाही. लेखी विनंतीला लेखी नकार देणे अधिकाऱ्यालाही सोपे नसते. कर्ज मंजूर व्हायला पावसाळा उलटला, पण सही कुणाचीच लागली नाही.

यंत्र बसले ते दुकानामागच्या मोकळ्या जागेत, आणि तिथे शेजाराचा प्रश्न आला. तुरीचे टरफल फार हलके असते. पंखा चालू झाला की त्याचा भुगा भिंत ओलांडून जातो, आणि उन्हाळा हा पापड-कुरडया वाळत घालण्याचा काळ. शेजारच्या काकूंनी तक्रार ग्रामीण रिवाजाप्रमाणे थेट आमच्याकडे केली नाही, मामींच्या बहिणीकडे केली. पतींनी पंख्याच्या तोंडाला कापडी पिशवी बसवली आणि यंत्र सकाळी दहाच्या आधी व संध्याकाळी सहानंतर चालवायचे नाही असे ठरवले. शहरात औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला असता तर दोन पाळ्या चालवता आल्या असत्या. इथे एकच पाळी चालते, भाडे मात्र लागत नाही. हिशोब मांडला तर पहिल्या दोन वर्षांत हे आमच्या फायद्याचेच होते.

डाळ करणे हे शिकण्यासारखे काम आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. तुरीचे साल डाळीला डिंकासारख्या थराने चिकटलेले असते. उडीद-मुगाप्रमाणे तेही घट्ट असते, हरभऱ्यासारखे सहज सुटत नाही. आधी तूर चाळून खडे, काड्या आणि बारीक दाणा वेगळा काढायचा, मग ती खरखरीत पृष्ठभागाच्या एमरी रोलरमधून हलकी ओरखडून घ्यायची, म्हणजे सालाला चिरा पडतात. त्यावर थोडे खाद्यतेल चोळून ढीग रात्रभर झाकून ठेवायचा. तेल चिरांतून आत उतरते. मग उन्हात पातळ पसरायचे, संध्याकाळी पाण्याचा हलका हात द्यायचा, पुन्हा ढीग, पुन्हा ऊन. ऊन चांगले असले तर दोन-तीन दिवसांत दाणा तयार होतो. दोन दाणे दाताखाली धरले की "कट्" असा आवाज येऊन फाक सुटली पाहिजे. हा आवाज ओळखायला पतींना जेवढा वेळ लागला तेवढा यंत्र शिकायला लागला नाही. तो त्यांना मामींनी शिकवला, कारण जात्यावर डाळ केलेल्या घरातल्या त्या शेवटच्या. दाणा कमी वाळला तर साल राहते आणि रोलरवर पुन्हा घालावे लागते. जास्त वाळला तर डाळ तुटते आणि चुनी, म्हणजे डाळीची कणी व भुगा, वाढते. लहान यंत्रावर एका क्विंटल तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकीचे टरफल, चुनी आणि तूट. दोन-तीन किलोचा फरक हाच नफा किंवा तोटा असतो.

दाण्याच्या जातीनेही फरक पडतो, हे आम्हाला हळूहळू कळले. आमच्या भागात बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेली पांढरी बीडीएन ७११ आणि लाल बीडीएन ७१६ या जाती बऱ्याच दिसतात. टपोरा, एकसारखा दाणा असेल तर रोलरचे अंतर एकदा लावून पूर्ण लॉट निघतो. शेवटच्या पाण्याला मुकलेली, बारीक-मोठी मिसळलेली तूर आली की उतारा घसरतो, आणि ते मालकाला पटवून देणे हे त्या दिवसाचे सर्वांत कठीण काम असते.

कर्जातून यंत्र आले होते, तूर विकत घेण्यास पैसा उरला नव्हता. त्या हंगामात तुरीचा हमीभाव ६,३०० रुपये होता आणि बाजार त्याच्या आसपास होता. पन्नास क्विंटल घ्यायची म्हटली तरी तीन लाखांहून अधिक रक्कम लागली असती. म्हणून आम्ही मजुरीवर डाळ करून देण्यापासून सुरुवात केली. शेतकऱ्याने तूर आणायची, मजुरी द्यायची, डाळ आणि चुनी दोन्ही घेऊन जायची. चुनी म्हशीला चालते, त्यामुळे ज्याच्या दारात दुभते जनावर आहे त्याला मजुरी जड वाटत नाही.

गावाची खरी परीक्षा इथे सुरू झाली, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. पहिल्याच महिन्यात लोक पोती टाकून निघून जाऊ लागले. वजन करू का म्हटले तर हसत. मामांच्या दुकानावर तीन पिढ्यांचा विश्वास होता, तो त्यांनी सरळ मिलकडे वळवला. मी मात्र पुण्याच्या कार्यालयातून आलेली. ज्या मालाची पावती नाही तो माल वादाचा, एवढे एक तिथे शिकलेले. मी दोन प्रतींचे पावतीपुस्तक छापून आणले, प्रत्येक पोत्याला खडूने क्रमांक घातला आणि मालकासमोर वजन केल्याशिवाय पोते आत घ्यायचे नाही असे सांगितले. मामा चिडले. "पावती परक्याला देतेत, पोरी. लोकाला वाटंल ह्यांचा आपल्यावर इस्वास नाही." त्यांचे म्हणणे अगदी चुकीचे नव्हते, कारण दोन वयस्कर शेतकरी पावती न घेताच गेले आणि त्यांतला एक पुढच्या वर्षीपर्यंत आला नाही. पण हंगामाच्या मध्यात एकाच आडनावाच्या दोन भावांची पोती एकाच दिवशी आली, दोघांचे बोलणे बंद, आणि दोघांच्याही मते टपोरी तूर आपली होती. क्रमांक आणि वजन कागदावर होते, म्हणून वाद आमच्या दारात पाच मिनिटांत मिटला. त्यानंतर मामा स्वतः पावती फाडू लागले, इतके की शेजारच्या घरी चुनीची घमेली दिली तरी लिहू लागले.

तरी कागदाने सगळे भागत नाही, हेही तितकेच खरे. लहान लॉट वेगळा काढणे यंत्राला परवडत नाही. चाळीस-पन्नास किलो तूर घातली तर रोलरमध्ये आणि नळीत मागच्या लॉटची थोडी डाळ राहतेच. "माझी तूर, मला माझीच डाळ पाहिजे" असा आग्रह मराठवाड्यात फार, आणि तो मला रास्त वाटतो. ज्याने शेणखत घातले, फवारणी टाळली, त्याला दुसऱ्याची डाळ का द्यायची? शेवटी लहान लॉटवाल्यांना आम्ही सरळ पर्याय दिला: एका जातीच्या, एका प्रतीच्या चार-पाच जणांच्या तुरी एकत्र करू आणि वजनाच्या प्रमाणात डाळ वाटू, पण एकत्र कुणाशी करायचे ते तुम्ही ठरवा. गावाने हे आमच्यापेक्षा चांगले जमवले. भावकीने भावकीशी तूर मिसळली नाही, हे मात्र मी पाहिले. लोकांनी शेजारी निवडले, शेताचे शेजारी.

दुसऱ्या वर्षी एक मागणी आली जिचा आम्ही विचार केला नव्हता. डाळ एकदम नेली तर घरात कीड लागते किंवा पाहुण्यारावळ्यांत संपते, तेव्हा डाळ तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही लागेल तशी नेऊ, असे बायका म्हणू लागल्या. म्हणजे डाळीचे खाते. सोय म्हणून ही कल्पना उत्तम होती, आणि धोका म्हणून तितकीच मोठी. आमच्या भागात माल आडतीवर टाकून भाव नंतर ठरवण्याची पद्धत आहे आणि अशा मालावर व्यापाऱ्याने धंदा करून नंतर हात वर केल्याच्या गोष्टी प्रत्येक तालुक्यात सांगितल्या जातात. लोकांची डाळ आमच्या गोदामात असणे म्हणजे बिनव्याजी भांडवल हाती असणे. ती विकून तूर घ्यायची, पुन्हा डाळ करायची आणि मागेल त्याला नव्यातून द्यायची, हे गणित कुणालाही सुचेल. मला ते सुचले होते. मामांनी एका वाक्यात बंद केले. ठेव ती ठेव, ती हलवायची नाही. यावर माझी भर एवढीच की ठेवीची डाळ वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात, आणि प्रत्येक खातेदाराला छोटे पुस्तक. नेलेली डाळ त्याच्यासमोर लिहायची आणि त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापले की इथे डाळीच्या बदल्यात डाळच मिळेल, पैसे मिळणार नाहीत.

२०२३ मध्ये या पानाची कसोटी लागली. पीक कमी झाल्याने तुरीचे भाव चढत गेले, २ जूनला केंद्र सरकारने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली, तरीही पुढे तुरीने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. ज्यांनी जानेवारीत डाळ ठेवली होती त्यांच्यातले काही जण आले: आमची डाळ आजच्या भावाने तुम्हीच घ्या. कुणाच्या घरी दवाखाना होता, कुणाला पेरणीचे बियाणे घ्यायचे होते. छापलेल्या पानावर बोट ठेवून त्यांना परत पाठवणे मला शक्य होते आणि कायद्याने ते बरोबर ठरले असते. आम्ही पान बदलले नाही, पण डाळ जशीच्या तशी खोलीत होती म्हणून पर्याय होता: ज्याला पैसे हवे त्याने डाळ नेऊन कुठेही विकावी, आणि आम्हालाच द्यायची असेल तर त्या दिवशीच्या लातूरच्या ठोक भावाने आम्ही घेऊ, पण जेवढी रोकड गल्ल्यात असेल तेवढीच. बहुतेकांनी अर्धी विकली, अर्धी ठेवली. ती डाळ आधीच फिरवली गेली असती तर त्या जून-जुलैत नव्या भावाने भरून देताना मिल बंद पडली असती, याबद्दल मला शंका नाही.

त्याच काळात कर्जाचा भारही वाढत होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. आमचा व्याजदर त्याला जोडलेला असल्याने हप्ता फुगला. मार्च २०२३ मध्ये मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, वाळत घातलेली तूर रात्री उठून गोळा करावी लागली, काही माल भिजलाच. हप्ता त्या महिन्यात दुकानाच्या गल्ल्यातून भरला. माझ्या मते मिल टिकण्यामागे दुकान होते, एवढे सरळ सांगितले पाहिजे. नुसत्या कर्जावर आणि जिद्दीवर ती टिकली असे कुणाला वाटू नये.

विक्री वाढली ती मात्र पुण्यामुळे. लातूर-औसा भागातली किती माणसे पुण्यात आहेत हे रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या टपावर पाहिले की समजते. शिकायला गेलेल्या मुलांसाठी डबे, पीठ, चटणी सगळे त्या गाडीने जाते. ठेवीदार बायकांनीच मुलांना डाळ पाठवायला सुरुवात केली, मग त्यांच्या खोलीवरचे मित्र, मग त्या मित्रांच्या आया. विना पॉलिश डाळ दिसायला मंद असते, तिच्यावर चमक नसते, त्यामुळे पहिल्यांदा घेणारा शंका घेतो; दुसऱ्यांदा मागतो, कारण तिचे वरण घरच्या चवीचे लागते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, छापील वेष्टनातल्या डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. आमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली होती, तरी पुण्यातले एक-दोन दुकानदार नोंदणीकृत बिल मागू लागले. नोंदणी करायची की नाही यावर घरात बरेच दिवस चर्चा झाली. मी करू म्हणत होते, पती नको म्हणत होते. त्यांचे म्हणणे असे की दुकानदाराला माल दिला की पॉलिश करा ही मागणी येणारच. तशी ती आली. आम्ही नोंदणी पुढे ढकलली आणि घरोघरी जाणाऱ्या डाळीवरच भर दिला. हा निर्णय बरोबर होता की नुसता सोयीचा, हे अजून ठरायचे आहे.

गावाने काय मागितले तेही लिहिते. अखंड हरिनाम सप्ताह आला की पंगतीसाठी डाळ मागायला मंडळी येतात आणि नाही म्हणता येत नाही. लग्नात आहेर वाढला, कारण आता आम्ही "मिलवाले". दुकानात डाळ उधार देणे आम्ही बंद केले तेव्हा मामांचे जुने मित्र वर्षभर तिरकस बोलत राहिले. मी लातूरच्या आडत बाजारात सौद्याला जाऊ लागले तेव्हा सुरुवातीला हमालही वाट देऊन बाजूला थांबत, आडते मला सोडून पतींशी बोलत. दाण्यातला ओलावा हातावर घेऊन सांगता येऊ लागल्यावर बोलणे माझ्याशी सुरू झाले. नाव मात्र कुणी विचारले नाही, अजूनही "औशाच्या वहिनी"च म्हणतात. सप्ताहाची डाळ आम्ही वहीत "धर्मादाय" अशा वेगळ्या खात्यावर लिहितो आणि वर्षाच्या सुरुवातीलाच तिची मर्यादा ठरवतो. मामांना आधी हे ओशाळवाणे वाटले. आता मर्यादा संपली की तेच सांगतात की यंदाचा कोटा झाला, पुढच्या सालचे नाव आत्ताच लिहून ठेवतो.

तीन वर्षे पूर्ण झाल्यावर अनुदानाची रक्कम कर्जात वळती झाली. २०२५ च्या सुरुवातीला तूर पुन्हा ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली गेली, शेतकऱ्यांनी विकण्याचा हात आखडता घेतला आणि मजुरीच्या कामासाठी आजवरची सर्वांत मोठी गर्दी झाली. भाव पडले की आमच्याकडे काम वाढते, ही गोष्ट सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण ती आहे. आता प्रश्न पावसाळ्याचा. बँकेने ड्रायरसाठी नवे कर्ज स्वतःहून देऊ केले होते. मी आकडे मांडले तेव्हा ड्रायर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच लागणार, आणि त्या काळात येणारी तूर ही मागे ठेवलेली, तीही मोजक्याच घरांची. तेवढ्यासाठी नवा हप्ता अंगावर घेण्यात अर्थ नव्हता. पतींनी शेडच्या छपराखाली पत्र्याची एक खोली बांधायला घेतली आहे, जुना पंखा आणि पारदर्शक पत्रे वापरून. तिच्यात एका वेळी दोन क्विंटलपर्यंत तूर पसरता येईल असा त्यांचा अंदाज आहे. ठेवीदारांपैकी ज्यांनी यंदा अख्खी तूर ठेवली आहे, त्यांना पहिला लॉट त्या खोलीत वाळवून देण्याचे आम्ही कळवले आहे, मजुरी नेहमीचीच, आणि डाळ तुटली तर तूट आमच्याकडे लागू.